मावळांतील एका क्लॅरिओनेटवरील लेख

मावळ प्रांताच्या इतिहासाचीं साधनें म्हटलीं म्हणजे कार्लें, भाजें व बेडसें येथील लेणीं, लोहगड-विसापुरापासून तुंग-तिकोन्यापर्यंतचे किल्ले, देशमुखांचीं व पाटील-कुळकर्ण्यांचीं दप्तरें, तळेगांवकर दाभाड्यांचे कागद आणि वडगांवच्या १७७९ च्या प्रसंगाविषयींचा उभय पक्षांचा पत्रव्यवहार, एवढींच बहुधा डोळ्यांपुढें उभीं राहतात. तीं मोलाचीं आहेत हें सांगावयास नकोच. परंतु ज्यांनीं कधीं कागद लिहिला नाहीं आणि ज्यांच्या नांवें क्वचितच कोणी कागद करून दिला, अशा लोकांचा इतिहास या साधनांतून निघत नाहीं. वाजंत्री हे त्यांपैकीं होत. देवळाच्या चौघड्याचें एखादें इनाम दप्तरांत सांपडतें. पण चौघडा वाजविणारा कोण, तो कोणाजवळ शिकला, त्याचें वाद्य कोठून आलें, हें दप्तर सांगत नाहीं. पुणें जिल्ह्याच्या १८८५ च्या गॅझेटिअरांत घडशी, गुरव इत्यादि वाजविणाऱ्या जातींचीं वर्णनें आहेत. त्यांतून जात कळते, माणूस कळत नाहीं. माणूस कळावयाचा तर त्याच्या हातांतील वाद्यच वाचावें लागतें. वाचावें हें क्रियापद आम्ही लाक्षणिक अर्थानें योजिलें नाहीं, कारण प्रस्तुत वाद्यावर खरोखरच लेख आहे.

वाद्य म्हणजे धातूच्या नळीची, बाहेरून पांढरी दिसणारी एक क्लॅरिओनेट. बँडवाल्यांच्या बोलण्यांत क्लारनेट. पवन मावळांतील एका वाजंत्री घराण्यांत ती तीन पिढ्यांपासून आहे. घराण्याचें व गांवाचें नांव त्यांच्या इच्छेवरून येथें देत नाहीं. घरांत परंपरा अशी कीं, वाद्य सगळें चांदीचें आहे. बोरघाटांतून आगगाडी सुरू झाली त्या दिवशीं मुंबईच्या लाटसाहेबानें मूळपुरुषाचें वादन ऐकून तें बक्षीस दिलें. आणि त्यावरील इंग्रजी अक्षरांवरून पाहतां तें हिंदुस्थानांतच घडलेलें आहे. दुसऱ्या शाखेंत कथा निराळी आहे. लोणावळ्यास आरमाराची शाळा निघाली तेव्हां तेथल्या एका बँडवाल्याकडून वाद्य विकत घेतलें, असें ती शाखा सांगते.

हल्लीं वरातींतून ध्वनिवर्धकांच्या भिंती उभ्या राहूं लागल्यापासून या ताफ्यास बोलावणीं कमी येतात, आणि वाद्य खुंटीस लागलें होतें. मोडीच्या व्यापाऱ्यानें पितळेच्या भावानें त्याची मागणी केली होती. शहरांतील एका दुरुस्ती करणाऱ्यानें सर्व नळी तेजाबांत बुडवून, छिद्रांतील घाण काढून, वर नवा मुलामा चढवून देण्याचें कबूल केलें होतें. पहिल्यानें वाद्य नाहींसें झालें असतें. दुसऱ्यानें तें नव्यासारखें झालें असतें. संशोधकाच्या दृष्टीनें दोहोंत फारसें अंतर नाहीं. जुन्या पोथीचीं जीर्ण पानें काढून टाकून नव्या कागदावर सुवाच्य नक्कल करून द्यावी आणि मूळ पोथी गंगेंत सोडावी, तसाच हा प्रकार.

आतां वाद्याविषयीं थोडें. नुरेंबर्ग येथील योहान क्रिस्तोफ डेनर या कारागिरानें इ. स. १७०० च्या सुमारास क्लॅरिओनेट सिद्ध केली असें मानतात. इवान म्यूलर यानें १८१२ च्या सुमारास पॅरिस येथें तेरा चाव्यांची रचना पुढें मांडली. क्लोसे व बुफे यांनीं १८३९ च्या सुमारास कड्यांची जी रचना केली ती बोहम पद्धति म्हणून प्रसिद्ध आहे. आणि ब्रुसेल्सच्या यूजेन आल्बेर यानें म्यूलरचीच रचना सुधारून जी रूढ केली ती आल्बर्ट पद्धति. हिंदुस्थानांत आल्बर्ट पद्धतीची क्लॅरिओनेट विशेष प्रिय झाली, व त्यास कारण आहे. तिचीं बहुतेक छिद्रें कड्यांवांचून उघडीं असतात. बोट छिद्रावरून हळूहळू सरकवून मींड काढतां येते, आणि सनईवर हात बसलेल्या माणसास ती जवळची वाटते. प्रस्तुत वाद्य याच पद्धतीचें आहे.

तथापि सनई व क्लॅरिओनेट यांचें साम्य हातांपुरतेंच होय. सनईस दोन पात्यांची जोड असते आणि नळी वरून खालीं रुंद होत जाते. म्हणून फुंक वाढविली कीं तोच स्वर वरच्या सप्तकांत बोलतो. क्लॅरिओनेटला बोरूच्या जातीच्या वनस्पतीची एकच पाती असते, आणि नळी आंतून बहुतेक ठिकाणीं सारख्या रुंदीची असून वरच्या बाजूनें बंद असल्यासारखी वागते. परिणामीं आंगठ्याची चावी दाबली असतां षड्जाच्या बोटांवर वरचा षड्ज न येतां वरच्या सप्तकांतील पंचम येतो. सनईवाल्यानें क्लॅरिओनेट हातीं घेतली म्हणजे प्रथम तो येथेंच अडखळतो, कारण खालच्या व वरच्या सप्तकांत एकाच स्वराला निराळीं बोटें लागतात. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें एका छिद्राचा विचार करतांना तिचा उपयोग होईल.

सुषिर वाद्य धातूचें असणें आपल्याकडे नवें नाहीं. देवगिरीच्या सिंघण यादवाचा आश्रित शार्ङ्गदेव यानें संगीतरत्नाकराच्या वाद्याध्यायांत वंश हा वेळूप्रमाणेंच खैर, हस्तिदंत, चंदन, लोखंड, कांसें, रुपें व सोनें यांचाही होतो असें सांगितलें आहे. आणि त्याची काहला धातूची असून तिचें तोंड धोतऱ्याच्या फुलासारखें आहे. ती उपमा क्लॅरिओनेटच्या खालच्या तोंडासही शोभते. युरोपांत मात्र ही नळी मुख्यतः लांकडाची, पुढें आफ्रिकेंतील काळ्या जड लांकडाची करीत आले. धातूच्या क्लॅरिओनेटा मोठ्या संख्येनें निघाल्या त्या अमेरिकेंत, इ. स. १९२० ते १९४० च्या दरम्यान. शाळांतून बँड सुरू झाले होते, मुलांच्या हातून लांकडी नळी तडकत असे, आणि धातूची स्वस्त पडे. पुढें कठीण प्लास्टिकच्या नळ्या आल्या आणि धातूच्या मागें पडल्या. आज पाश्चात्त्य वादक त्यांना बहुधा हलक्या प्रतीच्या समजतात. तो समज सरसकट खरा नाहीं. ज्या लोणावळ्यास वर्षाला चार हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो आणि फाल्गुन-चैत्रांत वारा कोरडा ठणठणीत असतो, तेथें लांकूड पावसाळ्यांत फुगून सांधे अडकतात व उन्हाळ्यांत तडे जातात. धातूस हें भय नाहीं. तिचा दोष एवढाच कीं, ती लवकर तापते व लवकर निवते, आणि त्याबरोबर स्वर चढतो-उतरतो. पहाटेच्या थंडींत देवकाऱ्यासाठीं वाजविणाऱ्यास आधीं कांहीं वेळ नुसती फुंक घालून ती ऊन करावी लागते.

मावळांत हें वाद्य मुळांत कोणत्या वाटेनें आलें असावें याचा तर्क कठीण नाहीं. पेशवाई बुडाल्यावर पुणें व खडकी येथें लष्करी छावण्या बसल्या. १८३० त माल्कम गव्हर्नर असतां बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाला, आणि मुंबईहून देशावर येणाऱ्या पलटणी खंडाळा, लोणावळा, कार्लें व वडगांव या मार्गानें आपल्या वाद्यांसह जाऊं लागल्या. गोव्यांत पोर्तुगीज अमदानींत चर्चच्या शाळांतून पाश्चात्त्य वादन शिकवीत. तेथले वादक मुंबई इलाख्यांतील व संस्थानांतील बँडांत शिरले. पलटणींतून व संस्थानांतून सुटलेल्या वादकांपासून गांवोगांवचे लग्नाचे बँड निघाले. पुण्यास सोलापूरकरांचा प्रभात बँड तर गणेशविसर्जनाच्या मिरवणुकींत प्रसिद्धच आहे. हा सामान्य क्रम झाला. प्रस्तुत क्लॅरिओनेट या क्रमांत कोठें बसते तें तिनेंच सांगितलें पाहिजे.

प्रथम धातु. घराण्याच्या मतें ती चांदीची. खालच्या तोंडाची कड जेथें जमिनीवर टेकते तेथें वरचा थर उडून पिंवळा रंग उघडा पडला आहे. तेव्हां नळी पितळेची. चाव्या जेथें झिजल्या आहेत तेथें मात्र पिंवळेपण नसून मळकट पांढरा धातु दिसतो; तें जर्मन सिल्व्हर, म्हणजे तांबें, जस्त व निकेल यांचें मिश्रण असून त्यांत चांदीचा अंशही नसतो. राहिला वरचा थर. चाव्यांच्या खांबांच्या बुडाशीं, जेथें चिंचेचें बोट पोंचलें नाहीं, तेथें तो कोळशासारखा काळा पडला आहे. निकेलचा मुलामा असता तर तो निस्तेज झाला असता, पण असा काळा पडला नसता. चांदीच गंधकाच्या संसर्गानें काळी पडते. तेव्हां परंपरेंतील चांदी खरी, पण केसाहूनही पातळ.

नंतर लेख. तो वरच्या भागावर, पहिल्या छिद्राच्या वर, ठशानें उठविलेला आहे. प्रत्येक दसऱ्यास चिंच व रांगोळी लावून वाद्य घासण्याची त्या घरीं रीत. चिंचेनें काळेपण जातें व रांगोळीनें चांदी जाते. त्यामुळें लेखाची पहिली ओळ, जींत कारखानदाराचें नांव असावयाचें, तेथें आज केवळ एक गुळगुळीत खळगा आहे. दुसऱ्या ओळींतील सात इंग्रजी अक्षरें घरांतील मुलानें शाळेंत शिकल्यावर वाचलीं होतीं: 'हार्ट' व त्यापुढें 'इन्ड'. त्यावरून हार्ट नांवाची कंपनी व हिंदुस्थान देश असा अर्थ लावण्यांत आला, व तोच सर्वांनीं मान्य केला. शेवटच्या अक्षरापुढें एक टिंब आहे, तिकडे कोणाचें लक्ष गेलें नाहीं.

आम्हीं पातळ कागद वर धरून मऊ शिसपेनीनें ठसा घेतला. आणि रात्रीं दिवा एका बाजूनें आडवा धरून अक्षरें पाहिलीं. उजेड सरळ पडला असतां जें दिसत नाहीं तें तिरकस उजेडांत सावलीनें दिसतें, हें शिलालेख वाचणारांस सांगणें नको. 'हार्ट' च्या आधीं तीन अक्षरांचीं पाउलें उमटलीं. पहिल्या दोहोंच्या तळाशीं आडव्या रेघा आहेत. तिसऱ्याची एक उभी रेघ व तिच्यापासून उजवीकडे खालीं तिरपा गेलेला पाय आहे. म्हणजे ई, एल् व के. पूर्ण शब्द 'एल्कहार्ट' असा होतो. आणि टिंबानें संक्षेपिलेला 'इन्ड' हा हिंदुस्थान नव्हे, तर अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं इंडियाना हें संस्थान होय. त्या संस्थानांतील एल्कहार्ट हें गांव बँडच्या वाद्यांचें आगर आहे. चार्लस जेरार्ड कॉन यानें तेथें १८७५ च्या सुमारास हा धंदा सुरू केला, आणि मग त्याच्या आसपास इतर कारखाने निघाले. धातूच्या क्लॅरिओनेटांसाठीं पेडलर यांचा कारखानाही तेथें प्रसिद्ध होता. पहिली ओळ गेली असल्यानें यांपैकीं एकाचें नांव निश्चयानें घालणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं. अक्षर नाहीं तेथें पाठ घालूं नये. जातां जातां एक मौज सांगावीशी वाटते. इंडियाना हें नांव तिकडील मूळच्या रहिवाशांवरून पडलें, आणि त्यांस इंडियन म्हणण्याचा प्रघात पडला तो कोलंबस आपण हिंदुस्थानच्या बाजूस पोंचलों असें समजला त्यामुळें. तेव्हां त्या मुलाचें वाचन चुकीचें असलें तरी चूक करणाऱ्यांत तो पहिला नव्हे.

एवढ्यावर बक्षिसाची कथा टिकत नाहीं. बोरघाटाचा लोहमार्ग सर बार्टल फ्रिअर गव्हर्नर असतां २१ एप्रिल १८६३ रोजीं खुला झाला. त्या वेळीं एल्कहार्ट येथें हा धंदाच सुरू झालेला नव्हता. शिवाय या घडणीच्या धातूच्या क्लॅरिओनेटा त्यानंतर अर्ध्या शतकाहूनही अधिक काळानें बाजारांत आल्या. तथापि असल्या कथा टाकून देण्याच्या नसतात. बखरींत जशी एखाद्या जुन्या तलवारीस थोर पुरुषाची देणगी केलेली आढळते, तशीच येथें गांवाला ठाऊक असलेली सर्वांत मोठी घटना वाद्याला येऊन चिकटली आहे. घाट फोडण्याचें काम १८५६ पासून सात वर्षें चाललें. त्यांत हजारों मजूर खपले व रोगराईनें मेले. लोणावळा हें रेल्वेमुळें नव्यानें वसलें, आणि १८८५ च्या सुमारास तेथें रेल्वेची शाळा, प्रॉटेस्टंट व रोमन कॅथॉलिक प्रार्थनामंदिरें व इंजिनांची कोठी होती. मावळांतील माणसाला आपली मोठी वस्तु त्या दिवसाशीं जोडावीशी वाटली, यांत इतिहास आहेच. तो वाद्याचा मात्र नव्हे.

दुसऱ्या शाखेची कथा कालदृष्ट्या अशक्य नाहीं. लोणावळ्याचें शिवाजी हें आरमारी शिक्षणाचें ठाणें फेब्रुवारी १९४५ मध्यें सुरू झालें. परंतु इंग्रजी सरकारच्या लष्करी वस्तूंवर मालकीदाखल रुंद बाणाचें चिन्ह ठोकीत असत. तें या वाद्यावर कोठेंही नाहीं. सरकारी बँडांचीं वाद्यें बहुधा बूझी, हॉक्स, बेसन अशा इंग्रज कारखान्यांचीं असत. बूझी व हॉक्स हे १९३० मध्यें एक झाले. त्यांचा वाद्यसंग्रह २००४ मध्यें लंडनच्या हॉर्निमन म्यूझियमकडे गेला व त्यांचीं कारखान्याचीं दप्तरेंही तेथें जतन झालीं आहेत. इंग्रजी वाद्यावरील क्रमांक अशा दप्तरांशीं ताडून त्याच्या जन्माचा काळ काढतां येतो. आपल्याकडील तारीखवार रोजकीर्दीसारखाच तो प्रकार. अमेरिकन वाद्याला ती सोय इतकी नाहीं.

लेखाची तिसरी ओळ सुदैवानें शाबूत आहे व तीच अधिक बोलकी. ती 'लो पिच', म्हणजे उतरती पट्टी, अशी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत इंग्रजी बँडांतून मूळ स्वर सेकंदास सुमारें ४५२ कंपनांचा धरीत. ती उंच पट्टी लष्करी बँडांत १९२० नंतरच्या दशकाच्या अखेरपर्यंत टिकली. ४४० ची उतरती पट्टी अमेरिकेंतील वादकसंघानें १९१७ मध्यें स्वीकारली व १९३९ च्या लंडन येथील परिषदेंत ती सर्वत्र मान्य झाली. दोहोंत अंतर अर्धस्वराच्या जवळजवळ निम्म्याइतकें आहे. म्हणजे एक वाद्य दुसऱ्याबरोबर वाजवूं गेल्यास तोंड वांकडें होईल इतकें, पण स्वर बदलून जुळवितां येणार नाहीं इतकें. म्हणून दोन्ही पट्ट्यांचीं वाद्यें बाजारांत होतीं तोंवरच कारखानदार पट्टीचें नांव वाद्यावर ठोकीत. पुढें ठोकण्याचें प्रयोजन उरलें नाहीं. यावरून प्रस्तुत क्लॅरिओनेट १९२० ते १९४० या वीस वर्षांतली, व बहुधा त्यांच्या पूर्वार्धांतली ठरते. ती कशी आली असावी? मुंबईंत पाश्चात्त्य वाद्यांचीं दुकानें जुनीं आहेत. फुर्तादो यांचें दुकान १८६५ पासूनचें आहे. १९३५ च्या सुमारास लिऑन ॲबी याच्या ताफ्यासारखे अमेरिकन निग्रो वादकांचे ताफे मुंबईच्या ताजमहाल हॉटेलांत वाजवूं लागले, आणि गोमंतकीय वादक त्यांच्याजवळ शिकले. अमेरिकन वाद्य या मार्गानें मुंबईंत येणें व तेथून जुन्या बाजारांतून लोहमार्गानें घाट चढणें हें, गव्हर्नरानें बक्षीस देण्यापेक्षां, पुष्कळच साधें आहे.

देशांत मीरत येथें जली कोठी भागांत नादिर अली यांची कंपनी १८८५ पासून या धंद्यांत आहे, आणि लग्नाच्या बँडांना वाद्यें पुरविण्यांत मीरतचा वांटा सर्वांत मोठा आहे. मावळांतही मीरतची वाद्यें आढळतात. त्यांपुढें हें एल्कहार्टचें वाद्य विरळा म्हणून त्याचें मोल; पण आमच्या मतें त्याचें खरें मोल कारखान्याच्या लेखांत नाहीं.

डाव्या हाताच्या मधल्या बोटाचें जें छिद्र आहे, त्याची वरची कड अर्धचंद्राकार लाखेनें भरलेली आहे. हीच ती 'घाण', जी काढून टाकण्याचें दुरुस्ती करणाऱ्यानें कबूल केलें होतें. लाख हा पदार्थ वाद्यांत परका नाहीं. चाव्यांखालच्या गाद्या लाखेनेंच चिकटवितात. परंतु येथें गादी नाहीं, उघडें छिद्र आहे. शिवाय लाख आंतून बोटानें घासून घासून काचेसारखी गुळगुळीत झाली आहे, म्हणजे ती चुकून सांडलेली नसून मुद्दाम बसविलेली आहे व नंतर पुष्कळ वर्षें वाद्य तशाच स्थितींत वाजलें आहे.

छिद्र अरुंद केलें म्हणजे त्यांतून निघणारा स्वर किंचित् उतरतो. हा स्वर कोणता? वाजविणारे षड्ज कोठें धरीत तें घराण्यांत सर्वांस ठाऊक आहे: आंगठा व डाव्या हाताचीं तीन बोटें बंद, म्हणजे पेटीची काळी पांच. तो षड्ज धरला कीं त्या छिद्राचा स्वर शुद्ध गांधार येतो. आतां पाश्चात्त्य वाद्यें बारा समान अर्धस्वरांनीं जुळविलेलीं असतात. त्यांतील गांधार आपल्या पांचास चार या प्रमाणाच्या गांधाराहून अर्धस्वराच्या सुमारें सातव्या हिश्श्यानें चढा असतो. तंबोऱ्याच्या षड्जांतून आपोआप ऐकूं येणाऱ्या गांधाराशीं तो जुळत नाहीं. पेटीविरुद्ध जुन्या गवयांची जी तक्रार, तीच ही. ज्याच्या कानांत सनई व सूर धरणारी दुसरी सनई बसलेली, त्याला हा चढा गांधार टोंचला आणि त्यानें तो लाखेनें उतरविला. आणखी पहा. वर सांगितल्याप्रमाणें या वाद्यांत आंगठ्याची चावी दाबली कीं त्याच बोटांवर वरच्या सप्तकांतील पंचमाच्या अंतरावरचा स्वर येतो. गांधारापासून पंचमाच्या अंतरावर निषाद. समान अर्धस्वरांच्या जुळणींत शुद्ध निषादही जवळजवळ तितकाच चढा असतो. म्हणजे लाखेच्या एका अर्धचंद्रानें दोन सप्तकांतले दोन स्वर एकदम जागेवर आले. हें ज्यानें केलें त्याला कंपनांचें गणित ठाऊक असण्याची गरज नव्हती. कान मात्र होता.

आमच्या समजुतीप्रमाणें या घराण्याच्या पूर्वजानें स्वहस्तें लिहिलेला हा एकमेव लेख होय. समासांत लिहिलेल्या शोधाप्रमाणें तो मूळ पाठाच्या बाजूला उभा आहे, आणि मूळ पाठाहून अधिक शुद्ध आहे. तेजाबांत तो पहिल्या दिवशींच गेला असता.

याच जातीचा आणखी एक पुरावा मुलाम्यांत आहे. प्रत्येक छिद्राभोंवतीं चांदी झिजली आहे, पण सर्वत्र सारखी नाहीं. तीन छिद्रांच्या उजव्या बाजूस झीज जिभेसारखी लांबट गेली आहे. बोट उचलून ठेवणाऱ्याच्या हातून असें होत नाहीं. बोट सरकविणाऱ्याच्या हातून होतें. करंगळीच्या चाव्यांवरचा मुलामा तर अद्याप बराच ताजा आहे. खालच्या तळाचे स्वर फारसे लागतच नसत.

दुरुस्तीविषयीं थोडक्यांत लिहितों. नळी रिठ्याच्या कोमट पाण्यानें धुऊन मऊ कापडानें पुसली. चिंच, रांगोळी, राख, बाजारी मलम यांपैकीं कांहीं लाविलें नाहीं. तांब्याचें हिरवें जंगाल सांध्यांत धरलें होतें तें लांकडी काडीनें काढलें. खालच्या भागास एक पोचा होता. तो पुण्याच्या तांबट आळींतील एका वृद्ध कारागिरानें आंतून पोलादी गज घालून, ठोके न मारतां, दाबून वर आणिला. सुईसारख्या पोलादी कमानींपैकीं दोन मोडल्या होत्या, त्या नव्या बसविल्या. गाद्या सर्व बदलाव्या लागल्या. जुन्या गाद्यांत कांहीं मूळच्या, पातळ त्वचेनें मढविलेल्या नमद्याच्या होत्या. कांहीं चपलेच्या कातड्याच्या. आणि एक सायकलच्या रबरी नळीचा तुकडा कापून केलेली होती. या एका पुडींत घालून, कोणती कोणत्या चावीखालची हें वर लिहून, वाद्याबरोबरच परत दिल्या आहेत. सांध्यांवर बुचाच्या ऐवजीं मेण लावलेला दोरा गुंडाळलेला होता. तो चांगला धरीत असल्यामुळें तसाच ठेविला. मुलामा नवा दिलेला नाहीं. घरच्या तरुण मंडळींस तें आवडलें नाहीं, कारण वरातींत वाद्य चकाकलें पाहिजे. आणि त्यांचें म्हणणें त्यांच्या बाजूनें बरोबर आहे. वाद्य हें प्रथम पोटाचें साधन आहे, मग इतिहासाचें. चकाकीसाठीं त्यांनीं मीरतची एक नवी क्लॅरिओनेट घेतली आहे.

सर्वांत खालीं, तोंडाच्या कडेवर, आपल्या घरांतील तांब्या-परातीवर घालतात तसें टिंबाटिंबांनीं कोरलेलें देवनागरी नांव आहे. नांव, आडनांव, गांव आणि शेवटीं 'एकवीरा प्रसन्न'. सन नाहीं. गांवाच्या नांवाच्या अंतीं 'गांव' हें पद असून त्यावर अनुस्वार दिलेला आहे. १९६२ च्या नव्या शुद्धलेखनाच्या नियमांनीं असले अनुस्वार गेले; तेव्हां नांव त्यापूर्वींचें असावें असें म्हणण्याचा मोह होतो. पण आमच्यासारखे जुन्या वळणाचे लोक तो अनुस्वार आजही देतातच, आणि भांड्यांवर नांवें घालणारे कारागीर तर शिकलेलें वळण सहसा सोडीत नाहींत. म्हणून या टिंबावर आम्ही भार ठेवीत नाहीं. नांव ज्याचें तो गृहस्थ आजच्या कर्त्या पुरुषाचा आजा. लाखही त्याचीच, असें घरांत निर्विवाद मानतात. त्याच्या गुरूचें नांव मात्र कोणास आठवत नाहीं.

मावळांतील व घाटाखालच्या खालापूर-कर्जत भागांतील जुन्या ताफ्यांजवळ अशीं आणखी वाद्यें असतील. ज्यांच्या पाहण्यांत येतील त्यांनीं वाद्य घासूं न देतां प्रथम लेखाचा शिसपेनीनें ठसा घ्यावा, टिंबें व क्रमांक यांसकट तो जशाचा तसा उतरून घ्यावा, कोणत्या छिद्रांत लाख वा मेण आहे तें हाताच्या बोटांच्या क्रमानें नोंदवावें, आणि वाजविणारा षड्ज कोठें धरतो हें त्यालाच विचारून लिहावें. वाद्य विकत मागूं नये. प्रस्तुत वाद्य गेल्या चैत्रांत कार्ल्याच्या एकवीरेच्या यात्रेस पालखीपुढें वाजलें; गांधार व निषाद आम्हीं स्वतः ऐकले.